पोर्टलीशच्या कावळ्यांनी मागितलेला शब्द

आयर्लंडमधल्या आमच्या पोर्टलीश गावचे कावळे मांजराएवढे असतात. वाढवून सांगतेय असं वाटलं तर मांजर जरा लहान धरा. हातातली चिप ओढून नेतात आणि व्हिनेगर कमी पडलं म्हणून रागाने बघतात. म्हणूनच त्या दुपारी ते जसे वागले, ते मी अजूनही दिवसाउजेडीच सांगते.

आमच्याकडच्या लॅटिन अमेरिकन कलावंतांचा अड्डा म्हणजे कौन्सिलचा एक जुना हॉल. मेक्सिकोची माझी मैत्रीण तिथे मुखवटे करते, ब्राझीलची मंडळी ढोल बडवतात, आणि मी झेंडूचे हार ओवते, कारण पुण्याहून येताना तेवढी एकच कला सामानात बसली. हॉल पाडून तिथे गाड्या लावायची जागा करायची की नाही, यावर कौन्सिलमध्ये मतदान होणार होतं. हॉल गेला की मंडळी पांगणार. मतं निम्मीनिम्मी, आणि मध्ये एकच नगरसेवक. हा माणूस कुणालाच नाही म्हणत नाही. "ग्रँड, ग्रँड", म्हणजे इथल्या बोलीत छान छान, म्हणतो आणि हात खिशातून काढत नाही.

"अर्ज खूप झाले," मैत्रीण म्हणाली. "आमच्या मृतांच्या दिवशीच बोलवू त्याला."

नोव्हेंबरची दुपार. हॉलमध्ये पायऱ्यांची मांडणी, मेणबत्त्या, प्रत्येकाच्या गेलेल्या माणसांचे फोटो. हॉलच्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, एक जुना फोटो सापडला होता. एप्रन घातलेली, किटली धरलेली बाई. कोण ते कुणालाच ठाऊक नव्हतं. "हॉलची माणसं तीही आपलीच," असं म्हणून मैत्रिणीने तो मांडला, मी हार घातला. मग तिने माझ्या हातात ताट दिलं. "हिच्यापुढे ठेव."

इथे सवयीने घोळ घातला. गेलेल्याचं पान म्हटल्यावर माझे पाय आपोआप मागच्या अंगणात गेले आणि ताट मी भिंतीवर ठेवलं.

कावळे आले. भिंतभर बसले. एकही ओरडला नाही, एकही शिवला नाही.

"हे काय केलंस गं?" मैत्रीण मागून आली.

"आमच्यात असंच करतात. कावळा शिवला नाही तर माणसाची इच्छा राहिलेली असते. कुणीतरी शब्द द्यायचा, मग शिवतो."

"मग दे की."

"मी काय देऊ? मला मत आहे का कौन्सिलात?"

"मला आहे," दारातून आवाज आला. नगरसेवक हसत उभा होता. "सांगा त्यांना, हॉलचं बघतो आम्ही. ग्रँड."

भिंतीवरच्या सगळ्या माना एकदम त्याच्याकडे वळल्या. वारा पडला. दारातून आतल्या मेणबत्त्यांच्या ज्योती काठीसारख्या ताठ झालेल्या दिसत होत्या.

"पटलं नाही त्यांना," मी म्हणाले.

तो अजून हसतच होता. "पान कुणाचं आहे हे?"

मी आत किटलीवाल्या बाईकडे बोट केलं. त्याचं हसू तिथेच विझलं.

"आई आहे माझी. नाचाच्या कार्यक्रमांना इथे चहा करायची." मग ताटाकडे बघत, हळू आवाजात, "तिच्या आवडीचा सोडा ब्रेड ठेवायला कुणी सांगितलं?"

मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. तिने भात आणि मक्याचे उंडे केले होते. ब्रेड मला वाटलं तिचा, तिला वाटलं माझा.

त्याने टोपी काढली. हात खिशातून बाहेर आले. आमच्याकडे पाठ करून तो भिंतीला म्हणाला, "ठेवतो, मॅमी. हॉल ठेवतो."

एक कावळा उतरला. फक्त ब्रेड उचलला आणि गेला. मागोमाग बाकीचेही उडाले, पंखांचा आवाज न करता. भात, उंडे जसेच्या तसे.

मतदानाला मी प्रेक्षकांत बसले होते. सगळ्यांत आधी त्याचाच हात वर गेला. हॉल राहिला.

जिन्यात त्याने मला गाठलं. "आता झालं ना समाधान?"

"मला काय विचारता? शब्द कुणाला दिला होतात?"

तो अजूनही सगळ्यांना ग्रँडच म्हणतो. पण म्हणण्याआधी खिडकीकडे बघून घेतो.