मनगट आणि कांडवेल

गल्लीच्या तोंडाशी सलून असलेल्या त्या गृहस्थाला सगळी गल्ली गप्पीदास म्हणे. गिऱ्हाइकाच्या गालावर साबण चढला की याची गाडी सुटे, ती दाढी संपेपर्यंत थांबत नसे. गिऱ्हाईक मधे बोलत नसे, कारण गळ्यावर वस्तरा. असा श्रोता मंत्र्यांनाही मिळत नाही.

तर हा गप्पीदास बल्ब बदलायला दुकानातल्या फिरत्या खुर्चीवर चढला. फिरती खुर्ची फिरली. उजवं मनगट मोडलं.

डॉक्टरांनी हाड बसवून प्लास्टर घातलं. थोरली बहीण, ताई, रस काढायला म्हणून कांडवेलीची जुडी घेऊनच तिथे हजर होती.

"यानं हाड लवकर सांधतं म्हणतात," ती म्हणाली.

"प्यायचा तर पिऊ द्या. पण प्लास्टरला हात लावायचा नाही," डॉक्टर म्हणाले.

घरी ताईने कांडवेल ठेचली, फडक्यातून पिळली, रस आटवून काळाकुट्ट अर्क केला. पहिल्याच घोटाला घशाला खाज सुटली.

"ताई, हाड राहू दे, आधी घसा सांध."

पुढे ताईला शंका आली. "पोटात गेलेला रस मनगटात कधी पोचणार? लेपच लावायला हवा."

"प्लास्टरवरून?"

"खोकल्याचं औषध मफलरला पाजतात का रे?"

गप्पीदासला पटलं. समोर नवं सलून उघडलं होतं आणि गप्पीदासची गिऱ्हाइकं एकेक करून रस्ता ओलांडत होती, तेव्हा न पटून सांगतो कुणाला. त्याने हात बादलीत बुडवला, प्लास्टर मऊ केलं आणि दुकानातल्या कात्रीने, डाव्या हाताने, कापून काढलं. "कातडीला ओरखडा नाही बघ," म्हणून वर मिरवलंही. ताईने लेप थापून फडकं बांधलं.

हाड सांधलं. वाकडं सांधलं.

"आता तोडून पुन्हा बसवावं लागेल," डॉक्टर म्हणाले, "आणि तरी पहिल्यासारखं फिरेल असं मी सांगत नाही."

"तोडायला काय अक्कल लागते," बाहेर आल्यावर ताई म्हणाली. पण आवाजात दम नव्हता.

तोडून घेणं राहिलंच. सूज उतरल्यावर तिने मनगटाच्या चाचणीसाठी आपल्या नवऱ्यालाच खुर्चीत बसवलं.

"निरोपाचं काही बोलायचं असेल तर आत्ताच बोलून घेतो," दाजी म्हणाले.

"गप्प बसा. मान वर," ताई म्हणाली.

गाल साफ झाले. मग वस्तरा हनुवटीखाली वळवायचा होता. गप्पीदासचा खांदा वर गेला, कोपर बाहेर आलं, मनगट जागचं हललं नाही. त्याने पुन्हा करून पाहिलं. इतक्या वेळात तो एक शब्द बोलला नव्हता. शेवटी वस्तरा पुसून त्याने फळीवर ठेवला.

"आणखी थोडे दिवस लेप लावू," ताई म्हणाली.

"लाव."

दाजी गळ्यावरच्या साबणासकट उठले, जरा घोटाळले आणि रस्ता ओलांडून समोरच्या सलूनमध्ये गेले. अर्धी दाढी घेऊन माणूस फिरणार तरी कुठे? समोरच्या काचेतून त्यांची मागे टेकलेली मान दिसत होती. तिथल्या कारागिराचं मनगट हनुवटीखाली सहज वळलं, पुन्हा वळलं. गप्पीदास दारात उभा राहून बघत होता.