नाल्यावरून मोजलेले अंतर

गेल्या सोमवारी सरकारी नोंदीत एक दुरुस्ती झाली. आपल्या जिल्ह्यातल्या एका लहान गावापासून आठवीच्या शाळेचे अंतर आजवर 'तीन किलोमीटरच्या आत' असे लिहिलेले होते. ते आता 'सात किलोमीटर' झाले आहे. तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांनी फोनवर मला याला दुजोरा दिला आणि वर विचारले, "झालं ना तुमच्या बाईंचं समाधान?"

झालेले नाही. ज्यांच्या साठीनिमित्त हा ग्रंथ निघतो आहे, त्या विमल वानखडे बाईंच्या वतीने मी तसे त्यांना सांगून टाकले. गौरवलेख रागात लिहू नये हे मला कळते. संपादकांनी सांभाळून घ्यावे. गावाचे आणि तालुक्याचे नाव मुद्दाम देत नाही. तिथल्या मुलींना अजून शिकायचे आहे.

बाईंची आणि माझी ओळख माझ्या चुकीतून झाली. मी एका दैनिकात बातमीदार होतो. सर्व शाळांत सर्व सोयी असल्याचा तक्ता शिक्षण कार्यालयातून आला आणि पान सोडायच्या घाईत मी तो तसाच छापला. दुसऱ्या दिवशी बाई अंक घेऊन दारात उभ्या. त्या तेव्हा केंद्रप्रमुख होत्या. दहा-बारा शाळांची देखरेख त्यांच्याकडे होती. "काऊन हो साहेब, तुम्ही शाळा पाह्यल्या का नुस्ता कागद पाह्यला?" कागदच पाहिला, असे मी कबूल केले. "चाला मंग," म्हणाल्या. त्या दिवशी चार शाळा पाहिल्या. पुढच्या बातम्या मी कागदावरून लिहिल्या नाहीत.

शाळांची माहिती दरवर्षी गोळा होते. पाणी, स्वच्छतागृह, पट, पुढच्या वर्गाची शाळा किती दूर, असे रकाने असतात. कुठे कोणते मूल मागे पडते आहे, हे त्यावरून कळावे, अशी अपेक्षा. प्रत्यक्षात दोन शिक्षक सात वर्ग सांभाळत असतात, वरून 'आजच्या आज पाठवा' असा फोन येतो आणि मुख्याध्यापक गेल्या वर्षीचे प्रपत्र समोर ठेवून उतरवून काढतात. बाईंनी त्यासाठी शिक्षकांना कधी दोष दिला नाही. त्यांची पद्धत मात्र ठरलेली होती: रकाना भरण्याआधी डोळ्यांनी पाहायचे आणि एका मुलाला विचारायचे. 'मुलींचे स्वच्छतागृह: आहे' असे दिसले की शाळेतल्या सगळ्यांत मोठ्या मुलीला त्या बाजूला घेत. "किल्ली कोणापाशी राह्यते वं?" किल्ली बहुतेक वेळा गुरुजींच्या खिशात असे. बाई 'आहे' खोडून 'नाही' लिहीत आणि वरिष्ठांची बोलणी खात.

या गावाचे अंतर असेच वर्षानुवर्षे उतरवले गेले. कोणीतरी कधीतरी नकाशावर सरळ रेघ मारली होती. ती रेघ नाल्यावरून जाते. नाल्याला पूल नाही. पावसाळ्यात तिथे छातीइतके पाणी असते, मग रस्त्याने वळसा घ्यावा लागतो. तीन किलोमीटरच्या आत शाळा असेल तर प्रवासाची सोय मिळत नाही. मुलगे कोणाच्या तरी गाडीवर बसून गेले. मुली घरी राहिल्या. त्या का राहिल्या, असा रकाना प्रपत्रात नाही.

निवृत्तीला काही महिने उरले असताना बाईंनी सातवीच्या वर्गात परिघाचा धडा घेतला. सायकलच्या चाकाला लाल चिंधी बांधली आणि मुलींना घेऊन त्या रस्त्याने निघाल्या. मी सोबत होतो. चाकाचे वेढे मोजायचे होते. वीटभट्टीपाशी मोजणी चुकली.

"तू बोलत होती म्हणून चुकलं."

"मी कुठं बोलली वं? तूच हासत होती."

बाईंनी सगळ्यांना परत शाळेपासून सुरुवात करायला लावली. वाटेत एका मुलीची आई शेतातून ओरडली, "बाई, मोजून शाळा जवळ येते का?"

"जवळ नाई येत. पण दूर आहे एवढं तं त्याईले कबूल करा लागन."

हिशेब सात किलोमीटर निघाला. सरपंच, मुख्याध्यापक आणि त्या मुलींच्या सह्यांनिशी तो कार्यालयात गेला. उत्तर आले: सायकल हे प्रमाणित साधन नाही. गटशिक्षणाधिकारी साहेबांनी भिंतीवरचा नकाशा दाखवला. बाई म्हणाल्या, "पोरी काय पाखरं आहेत का साहेब, नाल्यावरून उडून जायाले? तुमची जीप काढा, तिचा काटा पाहू." जीप निघायला दोन वर्षे लागली. बाई निवृत्त झाल्या, तरी दर महिन्याला बसने तालुक्याला जात राहिल्या. अखेर जीप निघाली आणि चालकाने काटा वाचला: सात.

तोवर मोजणाऱ्या मुलींपैकी एकीचेच शिक्षण चालू राहिले, कारण बाईंनी तिला चिखलीला स्वतःच्या घरी ठेवून घेतले. मी एकदा त्याचे कौतुक केले, तर बाई माझ्यावरच भडकल्या. "एक पोरगी माह्या घरी राह्यली म्हणून बाकीच्याईचा सवाल मिटला का? हे छापू नका." या एका बाबतीत मी त्यांचे ऐकत नाही.

आता प्रवासाच्या मंजुरीचा प्रस्ताव जिल्ह्याला जाईल. शाळा उघडण्याआधी मंजुरी येईल, असे मला सांगण्यात आले आहे. लेखी कोणी दिलेले नाही. यंदा सातवी झालेल्या पाच मुली दाखले घेऊन थांबल्या आहेत. दोघींच्या घरी पाव्हणे येऊन गेले. शाळेच्या पहिल्या दिवशी बाई सकाळी त्यांच्यासोबत फाट्यावर उभ्या राहणार आहेत आणि गाडी आली नाही, तर सातही किलोमीटर चालत निघणार आहेत. तसे त्यांनी साहेबांना कळवले आहे.

बाईंना उदंड आयुष्य लाभो, त्यांचे गुडघे शाबूत राहोत. आणि त्या सकाळी त्यांना चालावे लागू नये.