खालचा आकडा, वरचा आकडा

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस धुळ्यात एका खाजगी मोजणी कंपनीत मी कॉम्प्युटरवर शेतांची क्षेत्रफळं काढायचे. प्रोग्राम मीच लिहिलेला.

नरडाण्याकडच्या शेतांचे कागद त्या दिवशी दुपारी तालुक्याला जायचे होते. अकराला एक म्हातारे शेतकरी आमचा छापील कागद घेऊन आले.

"ताई, मन्हं वावर एक एकर सात गुंठा शे. साखळीवरी मोजेल शे. आठे चारच कसं?" त्यांनी कागदावरच्या एक एकर चार गुंठ्यांवर बोट ठेवलं.

कंपनीचे साहेब हसले. "नाना, कॉम्प्युटर चुकत नाही."

नाना जागचे हलले नाहीत.

जळगावला शिकताना एका सरांनी सांगितलं होतं, मशीन ठरावीक अंकच धरतं, पुढचे गाळतं. म्हणून उत्तर दोन आकड्यांत पकडायचं. प्रत्येक हिशेबानंतर खालचा आकडा किंचित खाली सरकवायचा, वरचा किंचित वर. खरं उत्तर त्यांच्या बाहेर जाऊच शकत नाही. वेळ दुप्पट लागतो म्हणून मी ते कधी केलंच नव्हतं.

आता केलं. पडद्यावर आलं: एक एकर दोन गुंठे ते एक एकर आठ गुंठे.

"हे काय उत्तर आहे?" साहेब ओरडले. "मला एक आकडा दे. दीड तासात तालुक्याची गाडी निघेल."

"साहेब, आपल्याला एवढंच माहीत आहे. चार हा नुसता अंदाज होता."

मी कारण शोधायला बसले. आम्ही सगळी अंतरं शहराजवळच्या एका खांबापासून मोजायचो, वीस मैलांवरून. त्या अवाढव्य आकड्यांचे गुणाकार एकमेकांतून वजा होताना नेमके कामाचे अंक गळत होते. मी नानांच्या बांधाचा कोपरा शून्य धरला, सगळे आकडे तिथून मोजून नव्याने भरले. साहेब पाठीशी उभे राहून घड्याळ बघत होते.

या वेळी दोन्ही आकडे जवळजवळ एकच आले. एक एकर सहा गुंठे, वर थोडंसं.

चार चूक होतं. पण नानांचे सातही त्यात बसत नव्हते. मी तसं सांगितलं.

"साखळी जुनी शे, कड्या वाकेल शेतस," ते म्हणाले. "सहा लिखा."

मी कागद बदलला आणि साहेबांना म्हणाले, "नरडाण्याकडचे बाकीचे कागदही थांबवावे लागतील, सगळे त्याच खांबापासून मोजलेत."

साहेब जिन्यावरून खाली गेले आणि गाडी रिकामी परत पाठवली.

पुढचे अकरा दिवस मी एकेका शेताचा कोपरा शून्य धरत बसले होते.