माहेरची घंटा

वसईत आमच्या इमारतीमागच्या वाडीतल्या मावशी रविवारी चर्चहून लाल लुगड्यात परतताना फाटकाशी थांबतात. वसई जिंकल्यावर मराठ्यांनी पोर्तुगिजांच्या चर्चमधल्या घंटा देवळांत नेल्या, हे मी शाळेत विजय म्हणून शिकलो. मावशींना पोर्तुगीज नकोत नि पेशवेही नकोत. कुणी देवदर्शनाहून आलं, की त्यांचा एकच प्रश्न: "आमची घंटा बरी हाय ना? आवाज बसला नाय ना?"

गेल्या हिवाळ्यात त्या आमच्याबरोबर सहलीला आल्या. एका देवळात पुजारी छाती फुगवून म्हणाला, "ही वसईची, जिंकून आणलेली!" मला उगाच अवघडल्यासारखं झालं.

मावशींनी घंटा एकदाच वाजवली. नाद विरेपर्यंत त्या डोळे मिटून उभ्या होत्या. मग घरी वाळवलेल्या केळ्यांची पुडी त्यांनी पुजाऱ्यापुढे धरली.

"देवाला?"

"देवाला द्या, तुमीबी खा. लेकीच्या घरी रिकाम्या हातानं कसं यायचं?"

आम्ही चपला घालत होतो, तेवढ्यात पुजारी नारळ घेऊन धावत आला.

"थांबा विहीणबाई, अशा कशा जाता?"