साहेबाच्या चौकटीत तात्या

सुरुवात माझ्याच फजितीपासून करतो, म्हणजे पुढं हसायला तुम्हाला वेगळं कारण शोधावं लागणार नाही. साडूच्या बंगल्यात भर उन्हातून आत शिरलो, चष्मा खिशात, आणि समोरच्या भिंतीवर सोनेरी चौकटीत कुणी वडीलधारे गृहस्थ दिसले. साडूचे वडील तात्या, त्यांच्या वर्षश्राद्धालाच आम्ही नवराबायको एक दिवस आधी आलो होतो. मी डोळे मिटून मनोभावे हात जोडले.

"दाजी, तो इंग्रज आहे," मेहुणी म्हणाली. "तात्या अजून लागायचेत."

तर असा मी. भूत, भानामती, अंगात येणं यावर माझा काडीचा विश्वास नाही. पंचवीस वर्षं मोजणी खात्यात आहे, ज्या टेबलावर लागलो त्याच टेबलावर. साखळी-टेपनं मोजता येतं तेवढंच खरं मानतो. म्हणूनच हे लिहिताना मला स्वतःचीच लाज वाटते आहे...

आमचे साडू दिलीपराव श्रीगोंद्याजवळ ऊस करतात. पैसा आला, बंगला झाला, आणि बंगल्याला शोभतील असे पूर्वज कमी पडले. शिर्डीतल्या एका हॉटेलचा जुना माल निघाला, त्यातून त्यांनी हे तैलचित्र उचललं. शंभर वर्षांचं आहे म्हणे. लाल नाकाचा कुणी साहेब — सरकारी बाबू उशिरा आलेल्या अर्जाकडे बघतो, तसा सगळ्या घराकडे बघणारा. चौकट मात्र काय सांगू... द्राक्षांचे घोस, वेलबुट्टी, चार कोपऱ्यांत पंख फुटलेली चार गुबगुबीत पोरं. त्या पोरांच्या बेंबीतली धूळ मेहुणी टूथब्रशनं काढते. उचलायला दोन माणसं लागतात.

"भाऊसाहेब, साहेबाशी आपल्याला काय करायचंय? मी फ्रेमसाठी घेतलाय," दिलीपराव मला म्हणाले. "ह्याच्यात उद्या तात्या. पाहुण्यांनी दारातनंच बघितलं पाहिजे."

तात्यांचा एकच फोटो होता. फोटोवाल्यानं खुर्ची मांडलेली, तर तात्यांनी खुर्चीवर फेटा ठेवला आणि स्वतः शेजारी घोंगडीवर मांडी घातली. तो फोटो माईंच्या, म्हणजे दिलीपरावांच्या आईच्या खोलीत पाटावर असतो. दिलीपरावांनी तो तालुक्याला नेऊन मोठा करून आणला होता — पण फक्त कमरेपर्यंत, म्हणजे भुई दिसायला नको. जुना फोटो ओल लागून डागाळलाय, तो कार्य झालं की भीमेत सोडायचा असं ठरलेलं.

"त्यो न्हाई द्यायची मी," माई म्हणाल्या. "आन् त्यांला उंच बसवू नगा. जल्मभर भुईवर बसलेला मानूस हाय."

"माई, तू गप बस बरं," दिलीपराव म्हणाले. "चार लोक येनार हायेत."

साहेबाला आम्ही चौकटीतून काढून अडगळीत ठेवलं. हॉटेलातून आला, अडगळीत गेला, नजर तीच. मी स्वतः भिंतीतली गिट्टी आणि हुक तपासले, तार पिळली, तात्यांना लावलं आणि चहाला ओट्यावर गेलो. परत येऊन बघतो तर चौकट खाली. पडलेली नाही — भिंतीला टेकून नीट उभी. काच शाबूत, तार शाबूत, हुक जागच्या जागी.

"सरकारी काम," दिलीपराव माझ्याकडे बघून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ड्रिल मागवलं, दोन हुक ठोकले, तार दुहेरी केली. दिलीपराव आणि मी, दोघांनी धापा टाकत चढवली. दारात गुरुजी आले म्हणून दोघंही पुढं झालो. वळून बघतो तर तात्या खाली.

"भाऊसाहेब, माझ्या दारात पाहुणे असताना चेष्टा करताय का तुमी?"

आता बोला. जिन्यावर बॅग चढवताना बसून श्वास घेणारा मी, ही चौकट एकट्यानं उतरवीन? मी म्हटलं, पुन्हा लावा, मी समोर बसतो. बसलो सोफ्यावर, डोळे फाडून. घरात सगळे कुजबुजत होते आणि भिंतीवरून तात्या, साहेबाच्या द्राक्षांमधून, अवघडून बघत होते. माईंनी चहा आणून हातात दिला. मी बशीत ओतायला मान खाली घातली. बशी भरायला लागतो तेवढाच वेळ... मान वर केली तर भिंत रिकामी. आवाज नाही, धक्का नाही. बशीतला चहासुद्धा हलला नव्हता. माई माझ्या शेजारीच उभ्या होत्या, हातात रिकामा ट्रे.

त्या घाबरल्या नाहीत. चौकटीसमोर भुईवर बसल्या.

"दमलं की रं ते, दिलीप," म्हणाल्या. "किती चढवशील?"

दिलीपरावांचा चेहरा साखर कारखान्याच्या धुराड्यासारखा काळवंडला. पण बाहेर जीपगाड्या लागायला लागल्या होत्या. त्यांनी गुपचूप मागचे खिळे उपसून तो मोठा फोटो काढला. माईंनी खोलीतून घोंगडीवरचे तात्या आणले, पाटावर ठेवले, पदरानं काच पुसली. कडक इस्त्रीच्या कपड्यांत दिलीपराव त्या बंगल्यात पहिल्यांदाच फरशीवर बसले. पाहुणेही वाकून, खाली बसून नमस्कार करत होते. एकानंही चौकटीचं नाव काढलं नाही.

भीमेत गेला तो मोठा फोटो. जुना माईंकडेच आहे. साहेब चौकटीत परत गेला — तेच हुक, तीच तार, तीच जागा. वर्ष होत आलं, तसूभर हललेला नाही. मागच्या महिन्यात मी टेप लावून मोजूनही आलो. वजन, अंतर, उतार, सगळं तपासलं. कारण सापडलं नाही, आणि उगाच बनवून सांगणार नाही.

श्राद्ध उरकून परतताना गाडीत मी हिला विचारलं होतं, "तुला काय वाटतं? कुणी उतरवलं असेल?"

"ज्याला खाली बसायचं होतं त्यानं," ही म्हणाली. मग खिडकीबाहेर बघतच, "तुमचा फोटो मात्र मी उंचच लावणार आहे. जिवंतपणी कुठं वर चढलात तुम्ही."