तीस सप्टेंबर, दिवस उगवल्यावर

जिल्हा परिषदेच्या शाळेत रोज सकाळी परिपाठ असतो. राष्ट्रगीत, प्रार्थना, सुविचार आणि मग दिनविशेष. आज कोण जन्मलं, कोण वारलं, कुठं लढाई झाली, कुठं तह झाला, सगळं एका दमात. आठवडी बाजारात एकाच पालाखाली मिरच्या, चपला आणि जिलेबी मांडावी तसं. ढोकीच्या बाजूला एका गावात मी मास्तरीण आहे आणि फळ्यावर दिनविशेष लिहायचं काम माझ्याकडं आहे. वर्षभर मला त्याचं काही वाटत नाही. एक दिवस सोडून.

तो दिवस तीस सप्टेंबर. आमच्या जिल्ह्यात या तारखेला काय झालं ते कुणाला सांगावं लागत नाही. गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती आणि पहाटेच्या अंधारात भूकंप झाला. नाव किल्लारीचं झालं, पण लोहाऱ्याकडची आमची गावंही तशीच खाली बसली. दगडमातीच्या भिंती, वर मातीचं जड माळवद. आमच्या घरातली तीन माणसं त्याखाली गेली. आजी, वडील आणि माझा सहा वर्षांचा भाऊ. वाचल्या त्या आई आणि आत्या, कारण त्या घरात नव्हत्या, पत्र्याच्या गोठ्यात होत्या. आईचं पोट दुखायला लागलं होतं. देवापुढं गणपतीचा पाट अजून तसाच होता, म्हणून बाळंतपण घरात नको, असं आजीनं सांगितलं आणि गोठ्यात पोती बांधून आडोसा केला. आजीच्या सोवळ्यानं सून वाचली, आजी गेली.

त्या गोठ्यात मी जन्मले. त्याच दिवशी.

आमच्या वर्गातली निम्मी पोरं एक जूनला जन्मलेली होती, म्हणजे हेडमास्तरांनी जन्माला घातलेली. कुणाच्या आईबापाला तारीख सांगता येत नसली की ते एक जून लावून मोकळे व्हायचे. माझ्याही वेळी त्यांनी आईला तेच सुचवलं होतं. पोरीच्या कपाळी कशाला तो दिवस, म्हणाले. आईनं ऐकलं नाही. माझी तारीख तीस सप्टेंबरच लागली.

तिसरीत असताना आईनं मला वाढदिवसाला उमरग्याच्या बाजारातून लाल फ्रॉक आणला आणि वर्गात वाटायला संत्र्याच्या गोळ्या दिल्या. परिपाठाला सगळी शाळा पांढऱ्या सदऱ्यात उभी, मी एकटी लाल. गुरुजींनी दिनविशेष वाचला. शेवटी भूकंपाचं वाचलं आणि सगळ्यांना माना खाली घालून उभं राहायला सांगितलं. माझ्या हातातली गोळ्यांची पिशवी तेवढी चुरचुरत होती. नंतर गुरुजी जवळ आले आणि हळूच म्हणाले, गोळ्या आज नको, उद्या वाट. ते चांगलेच होते, त्यांचीही माणसं गेली होती. पण मागं उभी असलेली एक पोरगी तिच्या घरी ऐकलेलं बोलली, "ही आली आन् घर गिळलं."

घरी जाऊन मी पिशवी भिंतीवर फेकली. मला हा दिवस नको, मलाही एक जून कर, म्हणून भोकाड पसरलं. आई ज्वारी पाखडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि हिशेब सांगावा तशा थंड आवाजात म्हणाली, "भूकंप काल झाला. दिस उगवायच्या आदी झाला न्हवं का? मग त्यो कालचा. तू दिस उगवल्यावर झालीस. तुजा दिस येगळा हाय."

आमच्याकडच्या जुन्या माणसांचा दिवस असाच बदलतो, सूर्य वर आला की. रात्री बाराला कोण बघतंय? पहाटे गाय व्याली तरी ती कालच व्यालेली असते. तारीख सरकारची, दिवस आपला. मला ते इतकं पटलं की त्या बळावर मी पोरांशी मारामाऱ्या केल्या. भूकंप एकोणतीसचा आहे, तीस माझी आहे, असं मी सातवीपर्यंत भांडून सांगत होते. गुरुजी कपाळाला हात लावायचे.

आई नुसतं सांगून थांबली नाही, तशी वागलीही. एकोणतीसच्या संध्याकाळी भावाच्या नावानं शेंगापोळीचं पान वाढायची, कारण त्याला ती आवडायची. तीसच्या सकाळी सगळं गाव स्मृतिस्तंभाकडं जायचं. पुढाऱ्यांच्या गाड्या यायच्या, हार पडायचे, भाषणं व्हायची. आई जायची नाही. ती अंघोळ करून निरांजन लावायची, दिवस उगवायची वाट बघायची आणि मग मला पाटावर बसवून ओवाळायची. त्याआधी दर वर्षी उठून आतल्या खोलीचं दार सताड उघडायची. त्या दारातून वारा येऊन निरांजन विझायचं, पुन्हा लावावं लागायचं. मी वैतागायची. का उघडतेस म्हणून विचारलं की म्हणायची, असू दे. बाहेर बाया बोलायच्या की पोराला विसरली आणि पोरीचे वाढदिवस करते. आईनं त्यांना कधी उत्तर दिलं नाही. मला मात्र त्या बायांचा अजूनही राग येतो.

नोकरी लागल्यावर मी आईला माझ्याकडं आणलं. तारीख काही सुटली नाही. आता शाळेच्या ग्रुपवर त्या सकाळी आधी काळ्या पट्टीची 'भावपूर्ण श्रद्धांजली' येते आणि लगेच खाली 'मॅडम, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा', सोबत केकचं चित्र. मी दोन्हींना हात जोडते. फळ्यावर भूकंपही लिहिते, टाळत नाही. आईचा हिशेब पाठीशी असल्यामुळं ते जमायचं.

गेल्या वर्षी पोळ्यानंतर आत्या आमच्याकडं आली. धाराशिवला डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं होतं, चार दिवस विश्रांतीला राहिली. एका दुपारी आई शेजारी गेली होती. मी भाजी निवडत आत्याला माझ्या लहानपणच्या मारामाऱ्या हसत हसत सांगत होते. आई कशी एका तारखेचे दोन दिवस करते, तेही सांगितलं. आत्या हसली नाही. हिरवी पट्टी जरा उचलून तिनं पदरानं डोळा टिपला.

"कसला दिस उगवलावता, बाय," ती म्हणाली. "तू अंधारातच झालीस. भूकंपाच्या आदी."

माझ्या हातातली भाजी सुटली, पसारा तसाच राहिला. आत्यानं पुढचं सगळं सांगितलं. मी झाले आणि मोठ्यानं रडले. त्या आवाजानं भाऊ जागा झाला. आजीच्या कुशीतून उठून तो अंगण ओलांडून गोठ्यापाशी आला. पोत्याच्या आडोशाला धरून उभा राहिला. बाळ बघायचं म्हणून हट्टच धरला त्यानं. आत येऊ का, एकदाच बघू दे, म्हणत होता. आईचं अजून सगळं आवरायचं होतं, आत्याचे हात भरलेले होते.

"वैनी त्याला म्हनली, आता झोप जा राजा, दिस उगवल्यावर बघ," आत्या म्हणाली. "त्यो शहाण्यावानी गेला. आत जाऊन पडला आसंल नसंल, तवर जिमीन हालली."

हे फक्त दोघींना माहीत होतं. आईनं आत्याला पोरीपाशी बोलू नको म्हणून शपथ घातली होती. इतकी वर्षं तिनं ती पाळली, आता म्हातारपणी पेलेना, म्हणाली.

आधी मला संतापच आला. ज्या हिशेबावर मी उभी होते तो खोटा होता. म्हणजे ती मागची पोरगी खरंच बोलली होती, मी आधी आले आणि मग घर गेलं. मी उठून मोरीत गेले, नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडले. रडताना हळूहळू कळलं की आईनं तो हिशेब माझ्यासाठी केलाच नव्हता. तिनं एकाला शब्द दिला होता. दिवस उगवल्यावर बघ म्हणाली होती, म्हणून मला दिवस उगवल्यावरच जन्मावं लागलं.

आईला मी काही विचारलं नाही. आत्या गेली, गणपती आले, बोळवले.

तीस सप्टेंबरला आई नेहमीसारखी लवकर उठली. आता तिचे गुडघे धरतात, तरी ताम्हण तिनंच सजवलं. निरांजन, सुपारी, कुंकू. मी पाटावर बसले. समोरच्या घराच्या टाकीआडून ऊन यायची आम्ही वाट बघत होतो. मोबाईल एकसारखा वाजत होता, तो मी बंद केला.

"उगवला का गं?" आईनं विचारलं. तिला आता नीट दिसत नाही.

"उगवला," मी म्हणाले.

ती भिंतीला धरून उठायला लागली. मी तिला बसवलं आणि स्वतः जाऊन आतल्या खोलीचं दार उघडलं, सताड. परत वळले तर ती माझ्याकडं बघत होती. निरांजन वाऱ्यानं फडफडत होतं, तिनं त्याला हाताचा आडोसा केला.

मग मी पाट उचलला आणि त्या दारासमोर नेऊन ठेवला, आतून त्याला नीट दिसेल असा. त्यावर दाराकडं तोंड करून बसले.