बुडालेल्यांवर टाळ्या

आमच्या घरी गोष्टीची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. माझे वडील, अप्पा, कावेरीकाठच्या गावांत शेतमजुरांच्या सभांना जात आणि उरलेली पत्रकं घरी आणत. त्यांवरच मी वाचायला शिकले, तेही तमिळ. त्यामुळे कोणी विजयाची गोष्ट सांगू लागलं, की माझा पहिला प्रश्न असे: मेलं कोण?

आमच्या पोवाड्याला मात्र हा प्रश्न कोणी विचारत नसे, कारण त्यातली जुनी मराठी कोणाला कळतच नव्हती. तंजावुरात राजवाड्यामागच्या आमच्या जुन्या मराठी घरांच्या गल्लीत लग्न असलं, की माझे मामा डफ घेऊन तो म्हणत. मामा वीज खात्यात कारकून. पोवाडा त्यांच्याकडे तमिळ लिपीत उतरवलेला. तिथे क, ख, ग, घ सगळ्यांना एकच अक्षर. जुने शब्द पार चेपून गेलेले. मधलं एक कडवं फार द्रुत लयीचं. ते आलं की वऱ्हाड टाळ्या पिटी, पोरं नाचत, नवरदेवालाही ओढत.

कॉलेजात असताना मी देवनागरी शिकले आणि जुनी बाडं वाचणाऱ्या एका पंडितांकडे बसून ते कडवं शब्दाशब्दाने सोडवलं. त्यात लढाई नव्हतीच. भर पुरात सैन्य नदीत घातलं, त्याची हकिकत होती. दर ओळीत एक माणूस: खोगीर कसणारा, पखाल वाहणारा, तोफेच्या बैलांमागून चालणारा, तांदळाची पोती उचलणारा. त्याचं नाव, त्याचं गाव, आणि शेवटी ‘बुडाला’. सरदार एकही नाही. कोण्या शाहिराने ही माणसं हट्टाने गाण्यात ठेवली, आणि दिवाणखान्यात तलवारी टांगून घराण्याचा अभिमान सांगणारे आम्ही त्यांच्या बुडण्यावर नाचत होतो! माझं डोकंच फिरलं.

त्याच वर्षी रंगीत टीव्ही विकणाऱ्या एका कंपनीने राजवाड्याजवळच्या पटांगणात ‘वारसा संध्या’ ठरवली. आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांना पोवाड्यातलं तेवढंच कडवं हवं होतं. मामा गाणार, मागे चमकीच्या साड्यांतल्या मुली नाचणार.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मी मामांना गाठलं. “तुम्ही मेलेल्यांची नावं घेणार आणि मागे पोरी कमरा हलवणार?”

“मेलेले कुठले गं? खुशीचं गाणं आहे ते. आजोबांपासून म्हणतो आम्ही.”

“आजोबांना तरी कळत होतं का?”

“तू अप्पाचीच पोर. लाडू दिला तरी विचारशील, साखर कोणाच्या घामाची.”

“विचारीनच. बसा, अर्थ सांगते.”

मी एकेक ओळ तमिळमध्ये सांगत गेले. पखालवाल्याशी आल्यावर त्यांनी हात वर केला. “सरी, सरी. बरं, कळलं.” मी थांबले नाही. शेवटच्या माणसापर्यंत सगळं सांगितलं. मामा चपला घालून ऑफिसला गेले. कंपनीची शाल मिळणार आहे, कडवं म्हणणारच हे, असं मला वाटलं आणि मी आणखीच चिडले.

संध्याकाळी मंचावर टीव्हींची भिंत उभी होती. प्रत्येकात तोच घोडा, तीच तलवार. मामांनी डफावर थाप दिली आणि लय इतकी खाली आणली, की मुलींचे पाय अडखळले. एक नाव, एक गाव, बुडाला. डफ गप्प. मग पुढचं नाव. पहिल्या रांगेतले पाहुणे घड्याळं बघू लागले. माझ्या शेजारची बाई म्हणाली, “काय झालं यांना, बरं नाही का?” याच कडव्यावर लग्नालग्नांत नाचलेली ती.

अध्यक्ष धावत मंचावर आले आणि माइकवर हात धरून म्हणाले, “पोदुम, बास करा हो! लोक उठायला लागलेत. मुलींना नाचू द्या.”

मामांनी माइक सोडून दिला. “थांबा,” ते म्हणाले, “अजून माणसं राहिलीत.” आणि उघड्या गळ्याने पुढचं नाव घेतलं.